मोकळा वेळ, चार दहा ते चार पस्तीस

२ एप्रिल

ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि.

फोनवर आपल्या बोलण्याला फार फाटे फुटतात, म्हणून पत्र. शिवाय पंधरा दिवसांतून एकदा हाताने लिहिलं की विचारांना शिस्त लागते असं मी एका व्याख्यानात ऐकलं आहे. तेव्हा हे लिहिताना माझीही थोडी सुधारणा होते आहे. वीस मिनिटं राखून ठेवली आहेत.

मुद्दा असा. तुमच्या सूनबाईंना त्यांची प्रयोगशाळा आठ आठवड्यांच्या प्रशिक्षणासाठी परगावी पाठवते आहे. माझ्याकडे कारखान्याच्या पुढच्या वर्षाच्या नियोजनाचं काम आहे. आमच्या खारूची सुट्टी नेमकी याच आठ आठवड्यांची. घरी तिच्याजवळ कुणी नसेल, म्हणून तिला तुमच्याकडे ठेवावं असं ठरलं. रविवारी दुपारी मी तिला आणून सोडेन आणि पाचच्या गाडीने परतेन.

तिच्या पिशवीत छप्पन्न तक्ते आहेत, रोजचा एक. प्रत्येकात तीन रकाने: काय केले, किती वेळ, काय साध्य झाले. रोज आपण भरून सही करावी आणि दर शनिवारी सात तक्ते टपालात टाकावेत. वेळापत्रक वेगळं जोडलं आहे. त्यात 'मोकळा वेळ' मुद्दाम ठेवला आहे, दुपारी चार दहा ते चार पस्तीस. मी मुलांच्या खेळण्याच्या विरुद्ध नाही.

आता गंभीर गोष्ट. खारू अकरा वर्षांची झाली तरी वर्गात खिडकीबाहेर बघत बसते, असं तिच्या बाईंनी वर्षात चौथ्यांदा कळवलं आहे. डोंगरावरच्या निवासी शाळेचा फॉर्म मी आणून भरून ठेवला आहे. सही तेवढी राहिली आहे. सुट्टीचे तक्ते समाधानकारक आले तर फॉर्म कपाटातच राहील. नाही आले तर जूनपासून तिला तिकडे पाठवावं लागेल. हे तिला सांगितलेलं नाही, आपणही सांगू नये.

उत्तर थोडक्यात दिलंत तरी चालेल. लोभ आहे तसाच चालू ठेवावा.

आपला भाचा


१० एप्रिल

चि. गुंड्यास,
अ. उ. आ.

कारखान्याच्या नियोजन अधिकाऱ्याला गुंड्या म्हटलेलं आवडत नाही हे मला ठाऊक आहे. पण ज्याचं नाक मी स्वतःच्या धोतराच्या सोग्याने पुसलं त्याला साहेब म्हणायला माझी जीभ वळत नाही. आणि थोडक्यात लिहा म्हणालास ते जमणार नाही. चौतीस वर्षं मी वर्गात कविता शिकवली. चार ओळींवर चार तास बोलायची सवय झालेला माणूस मी.

खारू सुखरूप आहे. तुझं वेळापत्रक मी चष्मा पुसून वाचलं. सकाळी सहा ते सहा वीस 'उत्साहाने उठणे' असं लिहिलं आहेस. मी एका मिनिटात निरुत्साहाने उठतो, त्यामुळे उरलेल्या एकोणीस मिनिटांचं काय करायचं असा आम्हा दोघांपुढे प्रश्न आहे. आठ पाचला 'कुतूहल' आहे. काल आठ पाचला मी तिला विचारलं की कुतूहल वाटतंय का. ती म्हणाली की अजून नाही, पण आठ वीसपर्यंत वाटेल.

मला तुझी एक सुट्टी आठवली. तू तिच्याच वयाचा होतास. माझ्या लिहायच्या टेबलाखाली तू जहाज काढलं होतंस, आणि महिनाभर खाली उतरला नाहीस, कारण खाली समुद्र होता. ताट आत सरकवावं लागे. खिडकीतून नदीवरचं ऊन पाण्यासारखं हलत फरशीवर यायचं, आणि तू कोपरं टेकून कुठल्या तरी बंदराकडे बघत असायचास. तुझ्या आईने एकदा जिन्यातूनच मला विचारलं होतं की पोरगं करतंय काय. मी म्हणालो, काही नाही. बरं झालं म्हणाली आणि निघून गेली. काय बायका होत्या त्या काळी.

असो. पहिले पाच तक्ते सोबत आहेत. अक्षर माझं, सही माझी. एकही रकाना रिकामा नाही, याची तू खात्री करून घेशीलच.

सवड काढून आठवण काढत जा. लोभ आहे, तो मोजायला बसू नकोस.

तुझा मामा


१८ एप्रिल

ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि.

एकूण दहा तक्ते मिळाले. मी ते दोनदा वाचले, दुसऱ्यांदा उभं राहून.

'प्रकाश व सावली यांच्या गतीचे निरीक्षण, दीड तास. साध्य: पापणी न लववता एकाग्रता.' 'यंत्रदुरुस्ती व लोकव्यवहार, प्रत्यक्ष दुकानात, दोन तास.' 'चपट्या वस्तूंचे जलपृष्ठावर प्रक्षेपण. कमाल आठ टप्पे.' 'आडव्या स्थितीतील दीर्घ श्वसन, दुपारी दोन ते साडेतीन.' मामा, घरी हिला वीस मिनिटं एका जागी बसवत नव्हतं. आपण कोणती पद्धत वापरता ते सविस्तर कळवा.

दीर्घ श्वसनाचा प्रयोग मी स्वतः कचेरीत करून पाहिला. तिथे आडवं होण्याची सोय नाही म्हणून खुर्चीत केला. तिसऱ्या दिवशी साहेबांनी मला खांद्याला धरून हलवलं. माझ्या आसनात काही चूक होत असावी.

एक शंका आहे. अकरा तारखेला प्रक्षेपणाचे आठ टप्पे आहेत आणि चौदा तारखेला सहाच. घसरणीचं कारण नोंदवलेलं नाही. मी आलेख काढतो आहे, त्यात ते खटकतं.

सकाळी फिरताना मी आता व्याख्यानं दुप्पट वेगाने ऐकतो, त्यामुळे एका फेरीत दोन विषय होतात. वक्ता जरा चिरक्या आवाजात बोलतो, पण मुद्दा कळतो.

लोभ असावा, त्यात खंड पडू नये.

आपला भाचा


२२ एप्रिल

चि. सौ. सूनबाईस,
अ. उ. आ.

तुझ्या नवऱ्याला मी फसवतो आहे आणि त्यात मला फार मजा येते आहे. ही कबुली कुणापाशी तरी द्यायला हवी म्हणून तुला लिहितो. तुझ्या प्रशिक्षणात व्यत्यय आला तर क्षमा कर.

प्रकाश व सावली म्हणजे पोरगी जमिनीवर उताणी पडून छतावर फिरणारी पंख्याची सावली बघते. यंत्रदुरुस्ती व लोकव्यवहार म्हणजे खालच्या सायकलवाल्याच्या दुकानात उलट्या डब्यावर बसून, तो गिऱ्हाइकांच्या ज्या उखाळ्यापाखाळ्या काढतो त्या ऐकते. आडव्या स्थितीतलं दीर्घ श्वसन ही झोप आहे. ती म्हणते की घोरता तुम्ही, मी म्हणतो ती. नदीवर आम्ही दगड मारतो. चौदा तारखेला सहाच टप्पे झाले कारण त्या दिवशी मी मारले.

पहिले तीन दिवस मात्र मजेचे नव्हते. चार दहाला मी म्हटलं, जा, खेळ. ती जिन्यात जाऊन उभी राहिली. चार पस्तीसला परत आली, पाय पुसले आणि संपला म्हणाली. काय खेळलीस असं विचारलं, तर म्हणाली की काय खेळायचं ते ठरवेपर्यंत वेळ संपला. तिन्ही दिवस हेच. चौथ्या दिवशी मी तिचं मनगटी घड्याळ काढून पिठाच्या डब्यात ठेवलं. आता काय करायचं असं तिने विचारलं. काही नाही, मी म्हणालो. किती वेळ, तिने विचारलं.

आता बरं चाललं आहे. परवा तिने विचारलं की तुम्ही कविता शिकवायचात म्हणजे करायचात काय. मी खिडकीत उभा राहिलो आणि लागोपाठ तीन कविता म्हटल्या. म्हणून झाल्यावर सवयीने थांबलो. आता कुणीतरी हात वर करून विचारणार, हे परीक्षेला आहे का. तिने तसं काही विचारलं नाही. पुन्हा म्हणा म्हणाली. इतक्या वर्षांत हे मला पहिल्यांदा कुणी म्हणालं.

तर हे असं आहे. तक्ते चांगले गेले की डोंगरावरच्या शाळेचा फॉर्म कपाटात राहणार, म्हणून मी लिहितो. दुसरा हेतू नाही. थोडासा आहे. एवढी वर्षं कमावलेली भाषा फडताळात पडून होती, ती कामी आली की हात आवरत नाही.

तब्येतीला जप. आशीर्वाद आहेतच, ते टपालाआधी पोचावेत.

मामा


२८ एप्रिल

ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी दुपारचा डबा खाताना उघडलं ही चूक झाली. 'चौदा तारखेला मी मारले' या वाक्याला घास अडकला. प्रशिक्षणाला आलेली शेजारची बाई माझ्या पाठीत धपाटे घालत होती आणि मी हातानेच तिला सांगत होते की रडत नाहीये, हसतेय.

आता दोन गोष्टी, दोन्ही टोचणाऱ्या.

पहिली. तुमच्या भाच्याला विनोद कळत नाही, आणि रकान्यात लिहिलेला तर मुळीच नाही. लग्नाआधी मी ह्यांना लाडात लिहिलं होतं की तुमच्या आठवणीने अन्न गोड लागत नाही. उलट टपाली आहारतज्ज्ञाचा पत्ता आला. तेव्हा जरा हात आखडता घ्या. तक्त्यात 'मध्यम' असाही शेरा लिहिता येतो. मला माझी मुलगी घरी हवी आहे. मी तसं म्हटलं की हे म्हणतात, तक्ते काय ते बोलतील. तर ते बोलू देत, पण त्यांनी भाषण ठोकायला नको.

दुसरी. तुम्ही ह्यांची थट्टा करता, मी तर रोजच करते. पण मामा, दर जूनमध्ये पहिल्याच तासाला 'मी सुट्टी कशी घालवली' हा निबंध कोण लिहून घेत होतं? हे त्या वर्षी तुमच्याच वर्गात होते. ह्यांनी एकच वाक्य लिहिलं होतं, की मी सुट्टीत टेबलाखाली जहाज चालवले. तुम्ही दहापैकी दोन गुण दिलेत आणि खाली लाल शाईने लिहिलंत, 'सुट्टीचा सदुपयोग करावा.' लग्नाच्या दुसऱ्या आठवड्यात ह्यांनी मला ते सांगितलं, अगदी सहज, जणू एखाद्याने आपला रक्तगट सांगावा. मी तुम्हाला दोष देत नाही. पण तुमचा भाचा ज्या गाडीत बसला आहे तिला पहिला धक्का कुणी दिला, ते तुम्हाला माहीत असावं.

खारूला घड्याळ परत देऊ नका. पीठ मात्र चाळून घ्या.

माझ्यावरचा लोभ या पत्राने कमी होऊ नये.

तुमची सून


६ मे

ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि.

आनंदाची बातमी पक्की होईपर्यंत थांबलो, म्हणून या वेळी पंधरवडा उलटून गेला.

आलेल्या सगळ्या तक्त्यांची मी फाइल केली, आलेख जोडले आणि ती डोंगरावरच्या शाळेच्या प्राचार्यांना पाठवली. काल त्यांचा फोन आला. अठरा मिनिटं बोलले. त्यांच्याकडे दरवर्षी बारा मुलांची एक खास तुकडी निवडतात. तिच्यात खारूची निवड झाली आहे, परीक्षेशिवाय.

आधी मी तिला तिथे पाठवायचं म्हणत होतो ते शिस्त लागावी म्हणून. ते संकुचित होतं असं आता वाटतं. साधारण मुलीला घरी ठेवता आलं असतं. असे गुण असलेल्या मुलीला घरी ठेवणं हा तिच्यावर अन्याय होईल. फॉर्मवर सही करून पाठवला आहे. एक जूनला हजर व्हायचं. शाळेचं पत्रक सोबत पाठवतो. पहाटे पाच ते रात्री नऊ असा दिवस आहे. मोकळा वेळ असा वेगळा ठेवलेला नाही, कारण तिथला प्रत्येक क्षण आनंदाचाच असतो असं पत्रकात छापलं आहे.

प्राचार्यांना 'आडव्या स्थितीतील दीर्घ श्वसन' विशेष आवडलं. यंदापासून तो विषय म्हणून घेणार आहेत, वर्षाअखेर प्रात्यक्षिक परीक्षा. पहिल्या दिवशी आपण येऊन मुलांना मार्गदर्शन करावं अशी त्यांची विनंती आहे. सतरंज्यांची व्यवस्था ते करतील.

एक खासगी. मामा, फार पूर्वी माझ्या वहीत तुम्ही एक शेरा लिहिला होता. तुम्हाला आठवणार नाही. मी तो विसरलो नाही, आणि त्याप्रमाणे वागण्याचा प्रयत्न केला. त्याच अक्षरात माझ्या मुलीचे असे तक्ते यावेत, याचा मला जो आनंद झाला तो कुठल्या रकान्यात मावणार नाही.

लोभ वाढता असावा.

आपला भाचा


९ मे

चि. गुंड्यास,
अ. उ. आ.

हे पत्र मी तीनदा फाडलं. चौथं तुझ्या हाती पडेल.

तक्त्यांतलं एकही अक्षर खोटं नाही आणि एकही खरं नाही. दीर्घ श्वसन ही झोप आहे. तुझ्या साहेबांनी तुला हलवलं तेव्हा तुझ्या आसनात काहीही चूक नव्हती, तुला झोप लागली होती, आणि ती तुला फार वर्षांपूर्वीच लागायला हवी होती. प्रक्षेपण म्हणजे नदीत दगड मारणं. 'मुंग्यांच्या वाहतुकीचे सर्वेक्षण' म्हणजे तिच्या हातून बिस्किट सांडलं. 'ध्वनिविषयक प्रयोग' म्हणजे सायकलवाल्याच्या रबरी भोंग्यांवर बसून ते वाजवत त्याने आणि तिने गल्ली डोक्यावर घेतली आणि समोरच्या शिंपीणबाई खाली उतरून भांडल्या. तो तक्ता मी 'सामाजिक प्रतिसाद: तीव्र' असा पूर्ण केला होता.

प्राचार्यांना सांग की त्यांनी सतरंज्या गुंडाळून ठेवाव्यात. महिनाभर दुपारी लोळणाऱ्या मुलीच्या अंगी काही विशेष गुण नाहीत. ती चारचौघींसारखी मुलगी आहे, आणि पाच आठवड्यांपूर्वी तशीही नव्हती. मी तुझी थट्टा करायला गेलो. मला वाटलं तक्ते झोकात गेले की तू खूश होशील, फॉर्म कपाटात राहील आणि आम्ही दोघं इथे हसू. माझ्याच शब्दांनी तिला डोंगरावर पोचवलं. मी मेलेल्या वाक्यांत जीव घालायला शिकवायचो, त्याचा हा असा उपयोग झाला.

शेऱ्याचं मला आठवत नव्हतं. आता आठवलं आहे. दोन गुण दिले ते चुकलं. ते जहाज मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं, त्यात तुला ताट दिलं होतं, आणि तरी वर्गात लाल शाई हाती येताच मी ते बुडवलं. मुख्याध्यापक वह्या तपासायचे, एका वाक्याला भरपूर गुण दिसले तर बोलायचे. ही सबब झाली. दहापैकी दहा द्यायला हवे होते.

फॉर्म परत घे. माझ्यावर काय राग काढायचा तो काढ, मी पुरून उरेन. मुलीवर काढू नकोस.

उत्तराची वाट पाहतो. लोभ शिल्लक असेल तर असू दे.

तुझा मामा


१३ मे

ती. स्व. मामांस,
सा. न.

पत्र मिळालं. मी त्याचा शांतपणे विचार केला.

शक्यता दोन आहेत. तक्ते खरे असतील आणि आपण विनयाने नाकारत असाल, तर खारू त्या शाळेला पात्र आहे. तक्ते खोटे असतील, तर तिची पूर्ण सुट्टी वाया गेली आहे आणि तिला त्या शाळेची गरज आहे. दोन्ही बाजूंनी निर्णय एकच येतो. तो मी बदलत नाही.

शिंपीणबाईंची माफी मागितली असेल अशी आशा आहे.

गुणांचं लिहिलंत. इतक्या वर्षांनी गुण वाढवून काही होत नाही. निकाल लागून गेलेला असतो.

तीस तारखेला मी तिला न्यायला येईन. उरलेले तक्ते भरण्याची तसदी घेऊ नये, कोरे परत द्यावेत.

आपला भाचा


१६ मे

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

हे वरचं मामाआजोबांनी शिकवलं. ते म्हणाले की पत्रात बाबांना तुम्ही म्हणतात. पण 'तुम्ही' लिहिलं की मी शाळेच्या बसवाल्या काकांना लिहितेय असं वाटतं, म्हणून 'तू'.

तुझं पत्र आल्यापासून मामाआजोबा कविता म्हणत नाहीत. काय झालं विचारलं तर काही नाही म्हणाले. त्यांना 'काही नाही' खूप छान करता येतं, पण हे तसलं नव्हतं. म्हणून मी पत्र वाचलं. दुसऱ्याचं पत्र वाचू नये हे मला माहीत आहे. मग आधीचं पण वाचलं. शाळेचं पत्रक पण.

पत्रकात पाच वाजल्यापासून नऊ वाजेपर्यंत सगळं लिहिलंय. मी दोनदा बघितलं. त्यात तू कुठेच नाहीस. आई पण नाही. वर्षातून दोन वेळा 'पालकभेट' आहे, पण ती सगळ्या मुलांच्या आईबाबांची मिळून एका हॉलमध्ये आहे.

घरी जेवताना तू रोज विचारतोस की आज काय शिकलीस. मला ते अजिबात आवडत नाही, कारण कधी कधी मी काहीच शिकलेली नसते आणि मग बनवून सांगावं लागतं. पण तेव्हा तू समोर बसलेला असतोस आणि तुझ्या मिशीला काहीतरी लागलेलं असतं. तिकडे मला कुणीतरी विचारेलच काय शिकलीस म्हणून. पण तो तू नसशील.

आणि एक विचारायचं आहे. मी चांगली असले तर मला तिकडे पाठवायचं आणि चांगली नसले तरी तिकडेच पाठवायचं, असं तू लिहिलंयस. मग मी कशी असले तर तू मला घरी ठेवशील? ते लिहून पाठव. मी तशी होते.

शिंपीणबाईंची माफी मी मागितली. त्यांनी मला बटणं दिली.

लोभ असावा असं शेवटी लिहायचं असतं. तर असावा.

तुझी खारू


२४ मे

ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि.

खारूचं पत्र मंगळवारी आलं. तिने शेवटी एक प्रश्न विचारला आहे. त्याच्या उत्तरासाठी मी सकाळचा अर्धा तास राखून ठेवला. मग आणखी अर्धा. मी मुद्दे काढत होतो. वक्तशीर, जिज्ञासू, एकाग्र असे मुद्दे आले की वाटे, अशी मुलगी तर त्या शाळेला हवीच. आळशी, विसरभोळी, खिडकीबाहेर बघणारी असं लिहिलं की वाटे, हिला त्या शाळेनेच सुधारावं. दोन पानं भरली तरी तिला घरी ठेवता येईल असा एकही मुद्दा निघेना. कचेरीत उशिरा पोचलो. एकोणीस वर्षांत हे पहिल्यांदा झालं. साहेबांनी मला बसायला सांगितलं आणि पाणी मागवलं.

तुमच्या सूनबाईंना फोन केला. काय करू असं विचारलं. त्या म्हणाल्या की इतकी वर्षं संसार केल्यावर हा पहिला प्रश्न मी असा विचारला आहे की ज्याचं उत्तर मला आधीच माहीत नाही, तेव्हा मला त्याचा आनंद घेऊ द्यावा असं त्यांना वाटतं. आणि फोन ठेवला.

काल शनिवारी मी डोंगरावर गेलो. शाळेची कचेरी दहाला उघडते, मी साडेआठलाच पोचलो होतो. फाटकातून आतलं मैदान दिसत होतं. मुलं एका ओळीत पळत होती आणि पळताना मोठ्याने आकडे म्हणत होती. एका मुलीने माझ्याकडे पाहिलं. तिचा आकडा चुकला, आणि मागच्या सगळ्यांचे चुकले. त्यांना पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. मी फाटकापासून बाजूला झालो.

प्रवेश मागे घेण्यासाठी वेगळा कागद असतो. त्यावर कारणांचे चार रकाने आहेत: आजारपण, बदली, दुसऱ्या शाळेत प्रवेश, मृत्यू. योग्य तिथे खूण करायची. मी चारही वाचले आणि कारकूनबाईंना म्हणालो की यांतलं कुठलंच नाही. मग काय, असं त्यांनी विचारलं. मुलगी घरी हवी आहे, मी सांगितलं. कशासाठी, त्या म्हणाल्या.

मामा, हा प्रश्न मी कारखान्यात दिवसातून वीस वेळा विचारतो. कुणी पंखा मागायला येवो की पेन्सिल, माझं कामच ते आहे. मला स्वतःला तो कधी कुणी विचारला नव्हता. माझ्या मागे सात-आठ पालक उभे होते, सगळ्यांच्या हातात फायली. माझ्याही हातात फाइल होती, आलेखांसकट. मी ती उघडली आणि पुन्हा बंद केली. शेवटी म्हणालो, सहज.

बाईंनी चष्मा वर सरकवून माझ्याकडे पाहिलं. मग रकान्यांत जागा नव्हती म्हणून कागदाच्या कडेला उभ्या अक्षरांत तो शब्द लिहिला, आणि त्यावर शिक्का मारला.

गुरुवारच्या गाडीने येतो आहे. परतीचं तिकीट काढलेलं नाही. खारूच्या प्रश्नाचं उत्तर लिहून होत नाही, तेव्हा तिला सांगा की ती आहे तशी असली तरी चालेल, बाकी मी समोर बसून बोलेन. तिथे आल्यावर काय करायचं ते मी ठरवलेलं नाही. तुम्हीही ठरवू नका. ठरवलं असल्यास मात्र आधी कळवावं.

लोभ आहे हे मी या वेळी धरून चाललो आहे.

आपला भाचा